बाजार स्टेशनची आजारी लिफ्ट

“आत्या, ऊठ ना. आता अर्धाच जिना उरलाय,” थोरली म्हणाली.

“मघाशीही अर्धाच उरला होता,” आत्या म्हणाली आणि पायरीवर आणखी ऐसपैस बसली. “तुम्ही पोरं व्हा पुढे. माझे गुडघे यायला तयार झाले की येते मी.”

धाकटा खुदकन हसला. थोरलीला मात्र हसू आलं नाही. तिच्या एका हातात पडद्यांची पिशवी होती, दुसऱ्या काखेत न्हाणीघरात अंथरायची खरबरीत रबरी चटई होती आणि गळ्यात धाकट्याची पाण्याची बाटली लोंबत होती. सुट्टीत मोठ्या शहरात आत्याकडे जायचं ठरलं तेव्हा ती घरभर नाचली होती. मेट्रोनं फिरायचं, दुकानं बघायची! इथे आल्यापासून त्यांनी दुसरं काहीच केलं नव्हतं, आणि आता तिला मेट्रोचाही वीट आला होता आणि दुकानांचाही.

ही सगळी खरेदी आजोबांसाठी चालली होती. आजोबांची उजवी बाजू अचानक लुळी पडली होती आणि जीभही जड झाली होती. येत्या रविवारी इस्पितळातून त्यांना सोडणार होते, आणि थोरलीचे बाबा त्यांना थेट आत्याकडे घेऊन येणार होते. कारण अशा माणसांकडून व्यायाम करून घेणारं चांगलं केंद्र याच शहरात होतं. बाजार स्टेशनातून वर आलं की समोरच्या इमारतीत. म्हणून आत्यानं कचेरीतून रजा घेतली होती आणि तिघा पोरांना हाताशी धरून ती आजोबांची खोली सजवायला निघाली होती.

कुठे काय मिळतं हे सांगायला आत्याचा मुलगा होता. त्याला सगळे नकाशा म्हणत. मेट्रोच्या साऱ्या लाइनी त्याला तोंडपाठ होत्या, आणि नुसत्या लाइनी नव्हेत, तर कोणत्या दारानं बाहेर पडलं की कोणतं दुकान लागतं, तेही.

“पडद्यांना हिरवी लाइन, कापडबाजार, मागचं दार,” तो सकाळी चहा पितापिताच सुरू करायचा. “भिंतीला लावायचे आधाराचे दांडे म्हणजे पिवळी लाइन, नळवाल्यांची गल्ली. औषधांना विद्यापीठ. आणि पलंग, कपाट, गाद्या असलं काही हवं असेल तर निळी लाइन, बाजार स्टेशन. वर यायचीसुद्धा गरज नाही. दुकानं जमिनीखालीच आहेत.”

वर यायची गरज नाही म्हणणं त्याला सोपं होतं. फलाटावरून सरकता जिना माणसाला अलगद दुकानांच्या मजल्यावर आणून सोडायचा हे खरं. पण तिथून रस्त्यावर यायला साधा दगडी जिना होता, खडा आणि लांबलचक. एक लिफ्ट होती. तिच्या दारावर पाटी टांगलेली होती : ‘दुरुस्तीसाठी बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

“ही कधीपासून बंद आहे रे?” थोरलीनं विचारलं.

“मागच्या सुट्टीतही बंदच होती,” नकाशा म्हणाला.

आत्यानं मान वर करून उरलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. 

“माझ्या डोक्यातच आलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “आजोबांना चाकाच्या खुर्चीतून या जिन्यानं न्यायचं कसं? वरच्या रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीसुद्धा येत नाही. आठवड्यातून तीनदा यायचंय.”

“बाबा आणि मी उचलू,” थोरली म्हणाली.

“तुझ्या बाबांची रजा संपली की ते परत जाणार, आणि तुझी सुट्टी संपली की तू जाणार.” आत्यानं गुडघ्यांवर हात रोवले. “मग आजोबांना तिकडेच ठेवावं लागेल. इस्पितळाच्या मागे म्हाताऱ्यांसाठी खोल्या आहेत म्हणे.”

 त्याच वेळी खाली दोन हमाल आरसा लावलेलं भलंमोठं कपाट ढकलत दुकानांच्या बोळात वळले. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं ते केवळ त्या आरशात आपण किती थकलेल्या दिसतो ते दिसलं म्हणून.

मग तिनं आत्याला हात दिला आणि थांबत थांबत चौघंही वर पोहोचली. वर चहाची टपरी होती. टपरीपाशी तेच दोन हमाल चहा पीत उभे होते. शेजारी तेच कपाट.

थोरलीच्या पाठीवर घामानं फ्रॉक चिकटला होता. हमालांचे सदरे कोरडे खडखडीत होते.

“नकाशा,” ती हळूच म्हणाली, “वर यायला दुसरा जिना आहे?”

“नाही.”

“नक्की?”

नकाशा दुखावला. “मला विचारतेस? या स्टेशनला एकच दार आहे. म्हणून तर सगळे याला शिव्या घालतात.”

“मग ते कपाट उडत आलं का?”

नकाशानं कपाटाकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी आत्या घरी गुडघ्यांना तेल चोळत बसली आणि पोरं एकटीच बाजार स्टेशनला आली. आधी सरळ मार्गानं जायचं असं थोरलीनं ठरवलं होतं. स्टेशनच्या साहेबांची खोली दुकानांच्या मजल्यावरच होती. साहेब चष्मा कपाळावर चढवून डोळे चोळत बसले होते.

“पार्ट यायचाय, बाळ,” ते म्हणाले.

“कोणता पार्ट?”

“ते मिस्त्रीला माहीत. तो रोज येऊन बघून जातो.”

“तुम्ही बघितलीत का, साहेब, ती लिफ्ट?”

“मी लिफ्ट बघत बसलो तर स्टेशन कोण बघणार?” साहेब रागावले नाहीत. त्यांना रागवायचाही कंटाळा आला असावा. “पाटी लावलीय ना? तुला वाचता येतं ना? मग झालं तर.”

बाहेर येऊन तिघं लिफ्टच्या बोळात गेली. बोळाच्या दोन्ही बाजूंना फर्निचरवाल्यांनी कपाटांच्या आणि गाद्यांच्या चळती रचून ठेवल्या होत्या. त्यांच्याआड लिफ्टचं दार नीट दिसतही नव्हतं. धाकट्याचे पाय दुखायला लागले होते. तो दाराला पाठ टेकून फतकल मारून बसला आणि डोळे मिटले.

“ताई,” थोड्या वेळानं तो म्हणाला, “लिफ्ट घोरतेय.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“खरंच. ये ना इथे.”

थोरलीनं दाराला कान लावला. पत्रा थंडगार होता, आणि आतून बारीक घरघर येत होती. ती वाढली, थांबली, आणि वरच्या बाजूला कुठेतरी धप्प आवाज झाला.

“वरचं दार मागच्या बोळात आहे,” नकाशा म्हणाला आणि तिघंही जिन्याकडे पळाली. पळाली म्हणजे अर्ध्या जिन्यापर्यंत. पुढे धाकट्याला थोरलीनं पाठुंगळी घेतलं.

वरच्या बोळात रंगाचे रिकामे डबे रचलेले होते. त्यांच्यामागून पोरांनी डोकावून पाहिलं. लिफ्टचं दार सताड उघडं होतं. आतून कालचेच हमाल सोफा बाहेर ओढत होते. एक माणूस कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून दार धरून उभा होता. सोफा बाहेर आला तसं त्यानं दार लावलं, तिरकी झालेली ‘बंद’ची पाटी सरळ केली आणि बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली.

“हा मिस्त्री,” नकाशा कुजबुजला. “दुकानदारांना लिफ्ट एकट्यांनाच हवीय म्हणून आजारी पाडलीय तिला. चल, साहेबांना सांगू.”

“सांगून काय होणार? साहेब मिस्त्रीला बोलावणार. मिस्त्री म्हणणार, पार्ट यायचाय.”

“मग आईच्या फोननं फोटो काढू.”

“तो म्हणेल, दुरुस्त करून बघत होतो.” थोरली डब्याला टेकून बसली. तिला खरं तर घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं. पण डोळे मिटले की इस्पितळामागच्या त्या खोल्या दिसायच्या, आणि त्यातल्या एकीत आजोबा. “साहेबांना इथे आणायला पाहिजे. त्यांच्या डोळ्यांसमोर हे दार उघडायला पाहिजे.”

“ते खुर्चीतून उठत नाहीत,” नकाशा म्हणाला.

“तेच तर.”

संध्याकाळी त्यांनी आत्याला सगळं सांगितलं. आत्या आधी नको म्हणाली. मोठ्या माणसांच्या भानगडीत पोरांनी पडू नये, दुकानदार वाईट असतात, कुणाचं लक्ष गेलं तर नसती आफत. मग ती उठून आजोबांच्या खोलीत गेली. नव्या पडद्यांच्या चुण्या सारख्या करत तिथेच उभी राहिली. परत आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “यात मला काय करावं लागेल?”

“बसायचं,” थोरली म्हणाली. “वरच्या बोळात, लिफ्टच्या दारापुढे.”

“बसणं जमेल मला,” आत्या म्हणाली.

शनिवारी पलंग घ्यायचा होता, आणि खरोखरच घ्यायचा होता. डोक्याकडची बाजू वर करता येणारा लोखंडी पलंग आत्यानं पसंत केला, रीतसर विकत घेतला आणि ती जिन्याकडे वळली. पुढचं काम नकाशाचं होतं.

“काका, गाड्यांची बंदी संपते तिथे टेम्पो उभा आहे. पलंग वर जायला किती वेळ लागेल हो? जिना केवढा आहे.”

“जिना?” पलंगवाला मिशीत हसला. “तुझी आई वर पोचायच्या आत पलंग पोचवतो.”

“आणि लिफ्ट तर बंद आहे बिचारी.”

“आमची माणसं वाघ आहेत, बाळा.”

आता घाई होऊन उपयोग नव्हता. साहेब वर पोहोचायच्या आधी पलंग वर गेला तर सगळंच फसलं असतं. म्हणून नकाशानं पलंगाचा एक पाय डुगडुगतो असं सांगितलं. हमालानं स्क्रू आवळला. मग दुसरा पाय डुगडुगायला लागला. मग नकाशा पलंगावर आडवा झाला, या कुशीवरून त्या कुशीवर वळला आणि कुरकुर ऐकू येते का म्हणून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

तिकडे थोरली साहेबांच्या दारात उभी होती.

“साहेब, माझी आत्या लिफ्टच्या वरच्या दारात बसलीय. गुडघे धरलेत. उठतच नाहीये.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

“गार्डला सांग.”

“गार्ड जेवायला गेलेत.”

साहेबांनी मोठा सुस्कारा टाकला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते उठले. दोघं जिन्याला लागलेली दिसताच धाकटा गाद्यांच्या चळतीमागून सटकला आणि नकाशाकडे जाऊन नुसतं डोकं खाजवू लागला. तीच खूण होती.

“चालेल हा पलंग,” नकाशा उठत म्हणाला. “न्या वर.”

साहेब अर्ध्या जिन्यावर कठडा धरून थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“हा जिना… केवढा आहे गं.”

“तुम्ही रोज नाही चढत?”

“मी मेट्रोनंच येतो आणि मेट्रोनंच जातो. वर यायचं काम पडत नाही.” ते काही वेळ दम खात राहिले. थोरलीला एकेक क्षण जड जात होता. पण त्यांना चला म्हणण्याचा तिला धीर होईना, कारण दमलेल्या माणसाला कुणी चला म्हटलं की कसं वाटतं ते तिला गेल्या काही दिवसांत चांगलंच कळलं होतं.

वरच्या बोळात आत्या लिफ्टच्या दारापुढे भिंतीला टेकून बसली होती. पाय पसरलेले, केस विस्कटलेले. तिला सोंग आणावंच लागलं नाही.

“बाई, इथे का बसलात?” साहेबांनी विचारलं.

“लिफ्टची वाट बघतेय.”

“ती बंद आहे.”

“माझे पायही बंद आहेत, साहेब.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. थोरलीनं दाराकडे पाहिलं. आतून काहीच आवाज येत नव्हता. पलंगवाल्यानं विचार बदलला तर? हमाल खरंच जिन्यानं आले तर?

“चला, हात द्या,” साहेब वाकून म्हणाले. “मी तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडतो.”

आत्यानं थोरलीकडे पाहिलं आणि हात पुढे केला, अगदी हळू. एका गुडघ्यावर आली, थांबली, कण्हली. तेवढ्यात दाराआडून बारीक घरघर सुरू झाली.

साहेबांनी आत्याचा हात तसाच धरून ठेवला. घरघर वाढली, थांबली. धप्प आवाज झाला आणि दार उघडलं.

आत उभा केलेला पलंग होता. पलंगाच्या दोन बाजूंना दोन हमाल आणि बटणापाशी मिस्त्री.

मिस्त्रीनं बटणावरचा हात मागे घेतला.

“ट्रायल घेत होतो, साहेब,” मिस्त्री म्हणाला.

“पलंग घालून?”

“वजनाची ट्रायल.”

दोघा हमालांतला वयस्क होता तो पलंगाच्या कडेला टेकला. “कशाला उगाच खोटं बोलता, मिस्त्री,” तो म्हणाला. “साहेब, रोजच चाललंय हे. दुकानदार आणि हे मिळून चालवतात. पाटी नसती तर लोक चढले असते ना लिफ्टमध्ये. मग आमच्या मालाला जागा कुठली?”

थोरलीला वाटलं होतं, साहेब ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी मिस्त्रीपुढे हात केला. मिस्त्रीनं मान खाली घालून किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातावर ठेवला. पलंग बाहेर निघाल्यावर साहेब एकटेच लिफ्टमध्ये शिरले आणि दार बंद झालं. ते खाली गेले आणि परत वर आले. बाहेर येताना त्यांनी दारावरची पाटी काढून काखेत मारली.

“छान चालते,” ते म्हणाले. चेहरा मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

नकाशा आणि धाकटा धापा टाकत वर आले. त्यांच्यामागून पलंगवाला आला. साहेबांच्या काखेतली पाटी बघून त्याची मिशी खाली आली आणि तो आल्या पावली माघारी वळला.

“थांबा,” साहेब म्हणाले. “तुम्ही आणि मिस्त्री माझ्या खोलीत चला. वरच्या कचेरीला काय कळवायचं ते तुमच्यासमोरच ठरवू.”

तो वयस्क हमाल पलंग हातगाडीवर चढवत होता. थोरली जवळून गेली तसा तो म्हणाला, “पोरी, तुझं काम झालं, चांगलं झालं. पण सोमवारपासून ही कपाटं आमच्या पाठीवर आली.”

तो टाकून बोलला नव्हता, नुसतं सांगत होता.  त्याच्या मानेवर ओझ्यांनी पडलेला जाड घट्टा थोरलीला आत्ता दिसला. ती मागे फिरली आणि लिफ्टशी उभ्या असलेल्या साहेबांपाशी गेली.

“साहेब, दुकानं उघडायच्या आधी, सकाळी सकाळी, लिफ्टमध्ये गर्दी नसेल ना?”

“नसेल. का?”

“तेवढा वेळ सामानाला देता येईल का? नंतर दिवसभर माणसांना.”

साहेबांनी हमालाकडे पाहिलं, मग त्या जिन्याकडे पाहिलं. “विचारतो वर,” ते म्हणाले. “देता येईल असं वाटतं.” आणि मग जरा थांबून आत्याला म्हणाले, “बाई, तुमच्या पोरांनी मला आज बऱ्याच दिवसांनी वर आणलं. जे मी बघायचं, ते यांनी बघितलं. यांना रागवू नका.”

“रागवते कशाला?” आत्या म्हणाली. “मला बसायला सांगणारी पोरं कुणाच्या नशिबी असतात?”

आजोबा रविवारी आले. पलंगावर डोक्याकडची बाजू वर करून बसले आणि पडदे बघत राहिले. पहिला व्यायाम बुधवारी होता. त्या दिवशी सगळेच निघाले. बाबांनी निळ्या लाइनीनं खुर्ची नेली, सरकत्या जिन्यावर गार्डनं हात दिला, आणि बाजार स्टेशनच्या लिफ्टमध्ये खुर्चीसकट सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. नकाशानं बटण दाबलं.

आत्यानं आजोबांना लिफ्टची हकीगत आदल्या रात्रीच सांगितली होती, पण त्यांना किती समजलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता लिफ्ट वर चढू लागली तशी त्यांनी एकेका भिंतीवरून नजर फिरवली आणि ती थोरलीवर येऊन थांबली.

वर पोहोचल्यावर दार उघडलं. बाहेर तान्ह्या बाळाला घेतलेली एक बाई आणि काठी टेकत आलेले दोघं-तिघं आत यायला थांबले होते. बाबांनी खुर्ची ढकलायला हात लावला, तर आजोबांनी डावा हात वर केला. थांबा.

“शा…” ते म्हणाले. ओठ एका बाजूला ओढले गेले. त्यांनी ते मिटले आणि पुन्हा उघडले. “शा… बा…”

दार मिटू लागलं. नकाशानं पाय आडवा घातला.  बाळाच्या आईनं बाळाला उगी उगी म्हणायचं थांबवलं. आत्यानं तोंडाला पदर लावला होता. थोरली खुर्चीपुढे वाकली, म्हणजे आजोबांना मान वर करावी लागू नये.

“…स,” आजोबा म्हणाले आणि दमून मागे टेकले.

“हो, आजोबा,” थोरली म्हणाली. मग तिनं बाबांच्या हातून खुर्ची घेतली आणि उजेडात बाहेर ढकलली.